दुसरं धिरडं

माणसाचं गाव, त्याची नोकरी, त्याची रास यांतलं काहीही विचारायची गरज नसते. त्यानं सकाळी काय खाल्लं आणि पुन्हा भूक किती वाजता लागली एवढं समजलं की माणूस समजला, असं ठामपणे मानणारा जगात एकच गृहस्थ असेल आणि तो नेमका आमच्या खाली राहायचा. डोंबिवलीतल्या आमच्या तीन मजली इमारतीत त्यांना सगळे ‘खालचे काका’ म्हणत. खरं तर ते पहिल्या मजल्यावर राहत. खालचे होते ते फक्त आमचे, कारण आम्ही दुसऱ्या मजल्यावर. पण आमच्या घरातून निघालेलं हे नाव इमारतभर असं पसरलं, की तळमजल्यावरची माणसंसुद्धा मान वर करून ‘खालच्या काकांनी बोलावलंय’ म्हणायची आणि त्यात कुणालाच काही चुकीचं वाटत नसे. मी ठाण्यातल्या एका शाळेत सकाळच्या सत्रात शिकवते. डोळ्यांपुढे अंधारी न येता मी आज साडेपाच तास फळ्यासमोर उभी राहते ती या काकांमुळे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे मी त्यांची भरपूर थट्टा करणार आहे आणि उगाच कुणाला मी कृतघ्न वाटायला नको.

काका औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात तपासणीच्या प्रयोगशाळेत होते. तिथून ते निवृत्त झाले, त्यांची प्रयोगशाळा काही झाली नाही. ती त्यांनी घरी आणली. आता तपासायला रसायनं नव्हती, म्हणून त्यांनी नाश्ता तपासायला घेतला. तोही चवीसाठी नव्हे. चव हा त्यांच्या दृष्टीनं बायकी, पुरुषी, म्हणजे एकूणच मानवी दुबळेपणा होता. त्यांना हवा होता तो ‘टिकाव’. सकाळी सातला खाल्लेला पदार्थ पोटात किती वाजेपर्यंत तग धरतो, याचं ते रजिस्टर ठेवत. जिन्यात भेटल्यावर लोक ‘काय, बरंय ना?’ विचारतात, काका ‘किती वाजेपर्यंत चाललं?’ विचारत. तिसऱ्या मजल्यावर एक नवं जोडपं राहायला आलं. सामान अजून ट्रकमध्येच होतं, तेवढ्यात काकांनी नवऱ्या मुलाला गाठून हाच प्रश्न विचारला. त्याला वाटलं, इमारतीची लिफ्ट किती वाजेपर्यंत चालते याबद्दल काहीतरी आहे. तो म्हणाला, “रात्री दहापर्यंत चालली तरी पुरे.” काका थक्क झाले. सकाळी खाल्लेलं रात्री दहापर्यंत पुरवणारा माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. पुढचे आठ दिवस ते त्या घरी काय शिजतं याचा वास घेत जिन्यात उभे असायचे.

पदार्थांबद्दल ते एखाद्या हाताखालच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत. पोह्यांवर त्यांचा विशेष राग. “दिसायला बशीभर, वर कोथिंबीर, खोबरं, सगळा थाट! आणि साडेनऊला राजीनामा.” उपमा त्यांच्या मते मेहनती होता, पण त्याला दिशा नव्हती. चहा-बिस्किटाला तर ते नाश्ता म्हणायलाच तयार नसत. “ती नाश्त्याची आठवण आहे गं, नाश्ता नव्हे.” मोड आलेली मटकी, भाजणीचं थालीपीठ आणि दही, नाचणीची आंबील, उकडलेलं अंडं, मुगाचं धिरडं ही त्यांची विश्वासातली मंडळी. त्यातही धिरडं पहिलं. पोह्यांना त्यांनी अगदीच वाळीत टाकलं नव्हतं; मूठभर मटकी आणि मूठभर शेंगदाणे सोबत असतील, तर सांभाळून घेऊ, असं ते म्हणत.

दुसरी अट वेळेची. गॅस पेटवल्यापासून पदार्थ ताटात पडेपर्यंत नऊ मिनिटं. दहावं मिनिट लागलं की तो नाश्ता नाही, तो स्वयंपाक झाला, आणि स्वयंपाक करायला सकाळी सहाला कुणाला वेळ आहे? यासाठी त्यांच्या गळ्यात कारखान्यातलं जुनं स्टॉपवॉच असे. आदल्या संध्याकाळी कडधान्य भिजत घालायचा वेळ ते मोजत नसत. “ते काम पाणी करतं. त्याला काही पगार देता का तुम्ही?” असं त्यांनी माझ्या नवऱ्याला एकदा सुनावलं होतं. नवऱ्यानं नुसतं विचारलं होतं, की काका, बारा तास भिजवून नऊ मिनिटं कशी? घरोघरी सोपं जावं म्हणून ते मूग, हरभरा डाळ, नाचणी, जिरं असं भाजून, दळून आणून धिरड्याचं पीठ तयार ठेवत आणि प्रत्येक बिऱ्हाडाला एकेक बरणी देत. बरणीवर चिठ्ठी असे: पीठ कोणत्या तारखेचं, कितवा घाणा, आणि खाली ठळक अक्षरात ‘वापरण्यापूर्वी हलवा’. माझी लेक तेव्हा दुसरीत होती. ती रोज सकाळी ती बरणी दोन्ही हातांत धरून घरभर नाचायची आणि हे काम मोठ्या जबाबदारीचं आहे असं सगळ्यांना सांगायची.

पण सगळ्यांवर कडी म्हणजे राखीव नमुना. कारखान्यात माल बाहेर गेला तरी त्यातली एक बाटली कपाटात जपून ठेवतात. उद्या कुणी तक्रार केली तर ती काढून तपासायची. काकांनी हीच पद्धत फ्रिजमध्ये लावली. रोजच्या नाश्त्यातला एक घास छोट्या स्टीलच्या डबीत, वर चिकटपट्टी, त्यावर आकडा. डब्या एका ओळीत. तीन दिवसांनी आधीची डबी काढायची आणि नवी ठेवायची. एका रविवारी माझा नवरा त्यांच्याकडे पंखा दुरुस्त करायला गेला आणि थंड पाणी घ्यायला म्हणून त्यानं फ्रिज उघडला. डब्या बघून त्याला वाटलं, एकटे राहतात बिचारे, थोडंथोडं उरलेलं ठेवतात. त्यानं पंखा दुरुस्त केल्याचा मोबदला स्वतःच घेतला. तीनही डब्या चाटूनपुसून साफ. काका आतून आले आणि दारातच थांबले. “अहो, तुम्ही नाश्ता नाही खाल्लात,” ते अगदी खोल आवाजात म्हणाले, “तुम्ही पुरावा खाल्लात.” मग क्षणभर विचार करून त्यांनी रजिस्टर ओढलं आणि विचारलं, “बरं, आता खाल्लंच आहे, तर भूक लागली की कळवा.”

त्यांचा सर्वांत मोठा प्रयोग झाला तो इमारतीच्या वार्षिक सभेत. आमची सभा रविवारी दहाला सुरू व्हायची, पार्किंग आणि टाकीची गळती या दोन विषयांवर हमरीतुमरी व्हायची आणि साडेअकराला संपायची. काकांचं निदान असं, की हे भांडण मुळात भुकेचं आहे. सभेआधी पोहे देता, ते अर्ध्या सभेतच राजीनामा देतात, मग माणसं एकमेकांना खायला उठतात. त्या वर्षी त्यांनी गच्चीवर मोठा तवा मांडून सगळ्यांना थालीपीठ, दही आणि वाटीभर मटकीची उसळ खाऊ घातली. सगळे तृप्त झाले. सभा सुरू झाली आणि भांडणही सुरू झालं. पण दरवर्षी साडेअकराला पोटात कावळे ओरडू लागल्यामुळे जे भांडण आपोआप मिटायचं, ते त्या दिवशी दोन वाजेपर्यंत चाललं. कुणाला भूकच लागेना! बारा वाजता तर एकदोघांचा आवाज सकाळपेक्षाही खणखणीत लागला होता. अध्यक्षांनी हात जोडले, काका मात्र मागे भिंतीला टेकून स्टॉपवॉच बघत होते. मला हळूच म्हणाले, “टिकाव बघितलास?”

रजिस्टरमध्ये प्रत्येक घराचं एक पान होतं. रोज दुपारी एक वाजता काकांचा फोन यायचा. तेव्हा मी शाळा सुटून वर्गातली खिडकी लावत असायची. सकाळी काय केलं होतं आणि घरातल्या कुणाला कितीला भूक लागली, हे सांगायचं. नवऱ्याचा आकडा तो मला मेसेज करून ठेवायचा. लेकीचा हिशोब आदल्या दिवशीचा असे; ती आकडे सांगत नसे, तासांत सांगायची. “मला गणिताच्या तासाला लागली” किंवा “आज लागलीच नाही, कारण पीटी होती.” काका ते तिच्या शब्दांत लिहून घेत आणि समोर कंसात वेळ टाकत. शेवटी ते विचारत, “आणि तुझं?” मी म्हणायची, “साडेबारा.”

आता खरं सांगते. त्या काळात मी सकाळी काही खातच नव्हते. पाचला उठायचं, दोघांची धिरडी, तिघांचे डबे, लेकीची वेणी, आणि सव्वासहाला घर सोडायचं. ओट्यापाशी उभ्यानं चहा आणि लेकीनं सोडलेला तुकडा मिळाला तर तो. काकांच्या नऊ मिनिटांत घरातले बसले होते, मी बसले नव्हते. शाळेत तिसऱ्या तासाला मला घाम फुटायचा, फळा लांब लांब जायचा. मी मुलांना ‘धडा मनात वाचा’ सांगायची आणि टेबल धरून उभी राहायची. दोनदा तर मी खाली बसले होते. मुलांना वाटलं, बाईंचा खडू पडला. हे मी घरी सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर कुणीतरी काळजी केली असती आणि काळजी करणाऱ्यांचाही डबा मलाच करायचा होता.

एका शनिवारी दुपारी काकांनी मला खाली बोलावलं. मी गेले तर रजिस्टर उघडून समोर ठेवलेलं, आमचंच पान. म्हणाले, “बस. नवऱ्याचे आकडे वाच.” मी वाचले. पावणेअकरा, सव्वाबारा, अकरा वीस, दहा. “आता लेकीचे.” ते तर कुठेही उड्या मारत होते. “आता तुझे.” मी वाचायला लागले आणि माझा आवाज आपोआप खाली गेला. साडेबारा, साडेबारा, साडेबारा. तीन महिने साडेबारा.

“आमच्याकडे रात्रपाळीला एक जण होता,” काका म्हणाले. “दर तासाला उठून तापमान बघायचं आणि लिहायचं, एवढंच काम. सकाळी मी वही बघायचो तर ब्याऐंशी, ब्याऐंशी, ब्याऐंशी. मी त्याला लगेच पकडला. अगं, खरं तापमान कधी एका जागी बसतं का? ते एकोणऐंशी होतं, पंच्याऐंशी होतं. रेघ इतकी सरळ आली की समजायचं, हा माणूस थर्मामीटरपाशी गेलेलाच नाही.” मग चष्मा काढून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “पोरी, तू सकाळी ताटापाशी जातेस का?”

मुलांच्या खोट्या सबबी लाल शाईनं पकडण्यात माझी हयात गेली. मला कुणी असं पकडेल, हे मला कधी वाटलं नव्हतं. मी रडले, चांगली हमसून रडले, आणि चक्कर, घाम, टेबल सगळं त्यांना सांगून मोकळी झाले. भिंतीवर काकूंचा फोटो होता. त्या मी राहायला येण्याआधीच गेलेल्या, मला माहीत होत्या त्या एवढ्याच, फोटोतल्या. त्या फोटोकडे न बघता ते म्हणाले, “मी पहिल्या पाळीला निघताना रोज विचारायचो हिला, खाल्लंस का. रोज म्हणायची, खाल्लं. तीस वर्षं एकच उत्तर. कारखान्यातल्या सगळ्यांच्या सरळ रेघा पकडल्या मी. हिची तेवढी खरी मानली.” एवढं बोलून ते उठले आणि त्यांनी गॅस पेटवला. स्टॉपवॉच लावायला मात्र ते विसरले. पहिल्यांदाच.

पहिलं धिरडं तव्याला चिकटलं, ते नेहमीच चिकटतं. काकांनी ते खरवडून बाजूला केलं. दुसरं गोल, जाळीदार उतरलं, ते माझ्या ताटात वाढलं, वर दही घातलं आणि त्याच वेळी आमच्या घराचा कायदा करून टाकला. “ऐक. पहिलं तव्याचं, दुसरं करणाऱ्याचं, तिसऱ्यापासून जगाचं. आणि बसून खायचं. उभ्यानं खाल्लेलं मी रजिस्टरमध्ये धरणार नाही.” मी घरी येऊन हा कायदा सांगितला. नवऱ्यानं ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून डबे तो भरू लागला. लेकीनं तर ओट्यापाशी पहारा सुरू केला. दुसरं धिरडं तव्यावरून उतरलं की ती ओरडायची, “आई, तुझा नंबर!”

नंतरच्या सोमवारी एक वाजता मी काकांना सांगितलं, “सव्वाअकरा.” मंगळवारी सांगितलं, “पावणेदहा, पीठ कमी पडलं.” पलीकडून पेन घासल्याचा आवाज आला. “आता कसं!” काका म्हणाले. “आता माणसासारखी रेघ आली.” चकरा थांबायला काही आठवडे गेले, डॉक्टरांच्या गोळ्याही घ्याव्या लागल्या, पण थांबल्या. टेबल मी आता फक्त वह्या ठेवायला वापरते.

इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा आम्ही शाळेच्या जवळ म्हणून कळव्याला भाड्यानं आलो आणि काका शहाडला मुलाकडे गेले. निघताना त्यांनी बरण्या खोक्यात भरल्या, सुतळीनं बांधल्या, वर लिहिलं, ‘हलवू नका’. आयुष्यभर ‘हलवा’ लिहिणाऱ्या माणसाला ते लिहिताना बघून मला कसंतरीच झालं. फोन सुरू राहिला. एक वाजता ते माझा आकडा विचारायचे, आणि आता मीही त्यांचा विचारायची. “तुमचं किती वाजेपर्यंत चाललं, काका?” “साडेबारा.” बरं वाटायचं. मुलगा-सून चांगली आहेत, नदीकाठची हवा आहे, मानवतंय म्हणायचं.

पंधरा-वीस दिवसांनी खिडकी लावतालावता माझा हात कडीवर थांबला. साडेबारा, साडेबारा, साडेबारा. रजिस्टर माझ्याकडे नव्हतं, पण ती रेघ मला स्वच्छ दिसली. शेवटी मी ती स्वतः काढलेली होती.

रविवारी सकाळीच मी शहाडला गेले. सून मला बघून म्हणाली, “बरं झालं आलात ताई. आम्ही दोघं साडेसहालाच निघतो ना, मी सगळं झाकून ठेवते त्यांच्यासाठी. ते म्हणतात खाल्लं, आणि संध्याकाळी येऊन बघते तर तसंच. विचारलं की हसतात नुसते.” काका बाल्कनीत बसले होते. बारीक झाले होते. सुतळी बांधलेलं खोकं तसंच कोपऱ्यात, स्टॉपवॉच खिळ्याला टांगलेलं. मी समोर बसले आणि म्हटलं, “काका, तुम्ही सकाळी ताटापाशी जाता का?”

ते आधी हसले. मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं बराच वेळ पुसत राहिले. “एकट्यासाठी काय मोजायचं गं,” म्हणाले. “तिथे जिना होता. येताजाता माणसं भेटायची, कुणाला विचारावं, कुणी सांगावं. इथे दार लावलं की झालं. आणि झाकून ठेवलेल्या ताटापाशी एकटं बसलं की वाटतं, मी पाळीला गेल्यावर हिचीही सकाळ अशीच जात असेल.”

मी सुतळी कापली, खोक्यातून बरणी काढली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी सवयीनं ती हलवली. पीठ कालवलं मी, पण तव्यापाशी त्यांना उभं केलं आणि उलथनं त्यांच्या हातात दिलं. “मी करून देणार नाही,” मी म्हटलं, “मी केलं तर दुसरं माझं होईल. तुम्ही करा, म्हणजे दुसरं तुमचं. कायदा तुमचाच आहे.” पहिलं चिकटलं. दुसरं एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ असं कसंबसं उतरलं. सुनेनं खुर्ची पुढे केली. काका बसले, आणि बसून, सगळं, शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्लं. तिसरं मला दिलं, चौथं सुनेला. निघताना मी खिळ्यावरचं स्टॉपवॉच काढून त्यांच्या गळ्यात घातलं. सुनेनं बरणी खोक्यात न ठेवता ओट्यावर ठेवली.

सोमवारी एक वाजता फोन वाजला. शाळा सुटली होती, वर्ग रिकामा होता, माझ्या हातात अजून खडू होता. मी माझा आकडा सांगितला आणि त्यांचा विचारला. पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. “थांब, चष्मा कुठे गेला... हां. दहा वाजून सतरा मिनिटं.” मग जरा रागानं, “पीठ पातळ झालं होतं गं. अजिबात टिकलं नाही. उद्या पाणी कमी घालतो.”

इतका वाईट नाश्ता इतक्या आनंदानं मी कधी ऐकला नव्हता. फोन ठेवल्यावर फळ्याच्या कोपऱ्यात मी १०.१७ असं लिहिलं आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला एक मुलगी म्हणाली, “बाई, हे कोणतं गणित आहे?” मी म्हटलं, “बरोबर आलेलं,” आणि तेवढा कोपरा सोडून बाकीचा फळा पुसला.